एकाच फाइलमध्ये अडकलेला स्लायडर: फ्रीकॅडमधले पार्ट नव्याने लावताना

कॅमेरा स्लायडरचं (कॅमेरा सरळ रेषेत सरकवणाऱ्या साधनाचं) एक जुनं मॉडेल फ्रीकॅड या कॅड, म्हणजे संगणकावर वस्तू रेखाटण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रचायचं काम मी २०२५च्या जानेवारीत हातात घेतलं आणि एप्रिलच्या शेवटी ते हातावेगळं झालं. मॉडेल तिघांच्या हातून आलं होतं. प्रत्येकाने आपापल्या निकडीप्रमाणे त्यात भर घातली होती आणि सगळं एकाच फाइलमध्ये होतं. स्केच (सपाट रेखाकृती) कसं काढायचं, पॅड (स्केचला जाडी देणं) कसं करायचं हे शिकवणारं साहित्य भरपूर मिळतं. पण पार्ट शंभराच्या घरात गेले की ते कुठे ठेवायचे, त्यांना नावं काय द्यायची आणि कोणी कोणावर अवलंबून राहायचं, याबद्दल सलग कुठेच वाचायला मिळालं नाही. ज्यांच्यासमोर अशी फाइल उघडी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वस्तू काय ते सांगते. ८ मिमी व्यासाचे दोन गुळगुळीत रॉड, त्यांवर एलएम८यूयू बेअरिंगच्या आधाराने धावणारी कॅरेज, एका टोकाला नेमा १७ मोटर, दुसऱ्या टोकाला मोकळी पुली आणि दोन्हींना जोडणारा जीटी२ बेल्ट. वेगवेगळ्या वस्तू मोजल्या तर चाळीसेक, नगांनी मोजल्या तर शंभरावर.

निमित्त अगदी साधं होतं. जड कॅमेऱ्यासाठी तळाची प्लेट ६ मिमीऐवजी ८ मिमी जाडीची करायची होती. पॅडची लांबी बदलली, रिकम्प्यूट (मॉडेलची फेरगणना) केलं आणि मोटर माउंटची भोकं प्लेटच्या वरच्या पृष्ठावरून उडून बाजूच्या कडेला जाऊन बसली. दोन फिलेट (गोल केलेल्या कडा) लाल झाले. एक पॉकेट (कोरलेली खाच) हवेत कापू लागलं. यामागचं कारण पॅरामेट्रिक मॉडेलिंगमध्ये (मापांवरून आकार घडवण्याच्या पद्धतीत) जुनं आणि प्रसिद्ध आहे. सॉफ्टवेअर पृष्ठांना आणि कडांना स्वतः क्रमांक देतं: फेस ६, एज १२ असे. आकार बदलला की हे क्रमांक सरकू शकतात आणि 'फेस ६'वर बसवलेलं स्केच भलत्याच पृष्ठावर जाऊन बसतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० मध्ये यावर मोठं काम झालं आहे, तेव्हा आता हा त्रास पूर्वीसारखा होत नाही. पण आमची फाइल ०.१९ या आवृत्तीच्या काळातली होती, आणि जी जोडणी आधीच चुकीच्या पृष्ठावर गेली आहे ती नव्या आवृत्तीत उघडल्याने जागेवर येत नाही.

दुरुस्त करत बसायचं की नव्याने रचायचं, हा पहिला निर्णय. मी टूल्स मेनूतून डिपेंडन्सी ग्राफ, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे याचा आलेख, काढला. (त्यासाठी ग्राफविझ हे आलेख काढणारं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं, हे आधीच करून ठेवा.) पडद्यावर जे आलं त्यात कॅरेजच्या एका स्केचचा बाण मोटर माउंटकडे जात होता, मोटर माउंटचा तळप्लेटकडे आणि तळप्लेटवरचं एक डेटम प्लेन (आधारासाठीचं काल्पनिक प्रतल) पुन्हा कॅरेजच्या शेजारच्या ब्रॅकेटवर टेकलेलं होतं. हा आलेख पाहिल्यावर मन पक्कं झालं: आकार जुनेच ठेवायचे, रचना नवी करायची.

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ती फक्त वाचता येईल अशी केली. मग संपूर्ण मॉडेलची एक स्टेप फाइल काढली. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३. यात घन आकार जातात; स्केच, पॅड, पॉकेट हा इतिहास जात नाही. एरवी ही उणीव वाटते, पण इथे तेच हवं होतं. नवा पार्ट झाला की या गोठलेल्या आकारावर ठेवून पाहता येत होतं की भोकं जागच्या जागी आहेत की नाही. एवढी एक फाइल हाताशी असल्यामुळे पुढे जुन्या गोष्टी सोडून देताना छाती धडधडली नाही.

यादीचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाललं. ट्रीमधल्या, म्हणजे पडद्यावरच्या वस्तूंच्या यादीतल्या, एकेका नावावर जायचं, स्पेसबार दाबून ती वस्तू लपवायची आणि पडद्यावरून काय नाहीसं झालं ते पाहायचं. बॉडी०१२, बॉडी०१३, कट००७, फ्यूजन०२१ अशी दीडशेच्या वर नावं होती. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले: ही वस्तू हातात धरता येईल का? कित्येक सिलिंडर नुसते भोकं पाडण्यासाठी काढलेले होते. त्यांना यादीत जागा नाही. उरल्या त्या वस्तू एका तक्त्यात मांडल्या. रकाने: क्रमांक, नाव, नग, बनवायची की विकत घ्यायची, साहित्य, स्थिती. हा तक्ता आधी करा. कॅडमध्ये हात घालण्याची घाई होते, पण हा तक्ता नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

याच टप्प्यावर डाव्या-उजव्या पार्ट्सचा प्रश्न येतो आणि तो नीट सोडवून घ्यावा. आमच्या फाइलमध्ये रॉडचे चार क्लॅम्प होते, दोन मूळ आणि दोन मिरर केलेले, आणि चौघांना चार नावं. क्लॅम्प हातात घेऊन पाहिला: दोन्ही स्क्रूची भोकं रॉडच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, आरपार, दोन्हीकडून सारखी. म्हणजे तो आरशात धरला तरी तोच क्लॅम्प दिसतो. तेव्हा पार्ट एक, नग चार. बाजूच्या एल आकाराच्या ब्रॅकेटचं तसं नव्हतं. त्याचं काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं आत बसेल असं उतरतं) भोक मध्यापासून बाजूला आणि एकाच पृष्ठावर आहे. त्याचा डावा नग कितीही फिरवला तरी उजव्या जागी बसत नाही. तेव्हा हे दोन वेगळे पार्ट, दोन वेगळे क्रमांक. कारखान्यात ड्रॉइंग गेल्यावर हा फरक कळण्यापेक्षा इथे कळलेला बरा.

सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली ती मोटर माउंटसाठी. फाइलमध्ये दोन माउंट एकमेकांवर चढलेले होते आणि दोन्ही दृश्य होते. फरक एवढाच, की मोटरच्या आसाची उंची एकात दीड मिलिमीटरने जास्त. बेल्ट कॅरेजच्या पट्टीला समांतर जाणार की तिरका, हे त्यावर ठरणार. आधी हे मॉडेल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला लिहिलं. तो आता दुसऱ्या कामावर आहे आणि उत्तर यायला दोन आठवड्यांच्या वर गेले. तोवर मी तयार असलेल्या नमुन्यावर व्हर्नियर लावून उंची मोजून ठेवली. त्याचं उत्तर आलं तेव्हा ते मापाशी जुळलं. अशी विचारणा करायची असेल तर पहिल्याच दिवशी करा, आणि दोन्ही पर्यायांना वेगळे रंग देऊन एकच चित्र पाठवा. 'हिरवा की निळा' एवढंच उत्तर द्यायचं असेल तर समोरच्यालाही ते सोपं जातं.

क्रमांक कसे द्यायचे यावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: १०० पासून आपण बनवायचे पार्ट, २०० पासून विकत घ्यायचे, ३०० पासून स्क्रू-नट-वॉशर, ९०० पासून असेंब्ली (पार्ट जोडून झालेली रचना). क्रमांकात याहून जास्त अर्थ भरायचा नाही. जाडी, धातू, लांबी यांपैकी काही क्रमांकात घातलं तर ते बदललं की क्रमांक खोटा ठरतो. आमचीच तळप्लेट पाहा: जुन्या नावात '६मिमी' होतं आणि आता ती ८ची होणार होती.

फ्रीकॅडमध्ये प्रत्येक वस्तूला दोन नावं असतात हे इथे माहीत हवं. ट्रीमध्ये दिसतं ते लेबल. एफ२ दाबून ते कधीही बदलता येतं. आतलं नाव वस्तू तयार होताना ठरतं आणि मग ते बदलत नाही. पायथन कन्सोलमध्ये आणि बऱ्याच त्रुटींमध्ये हे आतलं नाव दिसतं. तुम्ही लेबल 'मोटर माउंट' केलं असलं तरी तक्रार 'बॉडी०१२'ची येते. एका फाइलमध्ये चाळीस बॉडी असतील तर हा गोंधळ रोजचाच होतो. एका फाइलमध्ये एकच पार्ट ठेवायचा, असं मी ठरवलं त्यामागे हेही एक कारण होतं.

आता डब्यांचा विषय. ग्रुप, पार्ट आणि बॉडी यांतला फरक पक्का समजेपर्यंत पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. ग्रुप म्हणजे कागदांना लावलेलं रबरबँड; वस्तू ट्रीमध्ये एकत्र दिसतात, बाकी काही नाही. ग्रुपला स्वतःचं स्थान नसतं, तो हलवता येत नाही. बॉडी म्हणजे स्केच, पॅड, पॉकेट, फिलेट अशा क्रमाने घडत गेलेली एक घन वस्तू. तिचा शेवटचा टप्पा म्हणजे टिप, आणि बाहेरच्या जगाला बॉडीचा तोच आकार दिसतो. पार्ट, म्हणजे ट्रीमधला पिवळा ठोकळा, हा खरा डबा आहे. त्याला स्वतःचं ओरिजिन (शून्यबिंदू आणि अक्ष) असतं, तो हलवला की आतलं सगळं सोबत हलतं.

जुन्या फाइलमध्ये एकाच बॉडीत क्लॅम्प आणि त्याखालचं पॅकिंग असं दोन्ही काढायचा प्रयत्न झालेला दिसत होता. १.० मध्ये बॉडीत एकाहून जास्त घन तुकड्यांना परवानगी देता येते, पण मी ती दिली नाही. एक बॉडी म्हणजे हातात धरता येणारी एक वस्तू, हा नियम पाळला की नगांची मोजणी, वजन आणि ड्रॉइंग आपोआप सरळ होतात. प्रत्येक फाइलची रचना एकसारखी ठेवली: वर एक पार्ट, त्याला क्रमांक आणि नाव, त्यात एक बॉडी. पार्ट न घेता नुसती बॉडी ठेवूनही चाललं असतं. पण पुढे एखाद्या प्लेटमध्ये डॉवेल पिन किंवा बुश ठोकायचा झाला तर त्याला जागा तयार असते.

पार्टच्या आत बॉडीचं स्थान शून्यावर आणि स्केच ओरिजिनच्या प्लेनवर. दुसऱ्या पृष्ठावर स्केच टेकवायचा मोह होतोच, कारण क्लिक करायला ते सोपं असतं. मी शक्य तिथे ओरिजिनचं प्लेन घेतलं आणि मापाने ऑफसेट दिला. प्रत्येक पार्टचं ओरिजिन कुठे असावं याचाही विचार केला: प्लेटचं खालच्या पृष्ठाच्या मध्यावर, बेअरिंगचं आसाच्या मध्यावर, मोटरचं जिथे तिचा चेहरा माउंटला टेकतो तिथे, झेड अक्ष शाफ्टच्या दिशेने. स्केच ओरिजिनभोवती सममित ठेवलं तर रुंदी वाढवल्यावर पार्ट दोन्हीकडे सारखा वाढतो आणि जोडलेल्या वस्तू सरकत नाहीत. प्लेट जाडीने वाढते ती वरच्या दिशेने, कारण खालचं पृष्ठ ट्रायपॉडला टेकतं आणि ते हलायला नको. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण ८ मिमीचा बदल पुढे सुरळीत झाला तो यामुळे.

मग मापांचा तक्ता. सुरुवातीला सगळी मापं एका स्प्रेडशीटमध्ये घातली, प्रत्येक पेशीला एलियास (नाव) दिलं आणि सगळे पार्ट त्यावर बांधले. दिसायला छान. पण एक पेशी बदलली की तिच्याशी संबंध नसलेले पार्टही पुन्हा मोजले जाऊ लागले, कारण ते त्याच शीटवर अवलंबून होते. दर बदलाला मिनिटभर थांबायचं, हे दिवसभर चालल्यावर थकवा येतो. तेव्हा तक्ता छाटला. नियम केला: दोन किंवा जास्त पार्ट्सना लागणारं मापच तिथे राहील. रॉडचा व्यास ८, बेअरिंगचा बाहेरचा व्यास १५ आणि लांबी २४, दोन रॉडमधलं अंतर, मोटरच्या भोकांमधलं ३१ मिमी अंतर, बेल्टचा २ मिमी पिच, तळप्लेटची जाडी. प्लेटच्या कोपऱ्याची गोलाई ही फक्त प्लेटची गोष्ट, ती तिच्या स्केचमध्येच राहिली. जी मापं एकाच पार्टमध्ये पण पुन्हापुन्हा लागतात त्यांच्यासाठी १.० मधला व्हारसेट (नाव दिलेल्या मापांचा संच) वापरला. स्केचमध्ये अंतरं टाकताना नावं देण्याची सवय लावून घ्या. तीन महिन्यांनी 'कन्स्ट्रेंट१७' म्हणजे काय हे कोणालाही सांगता येत नाही.

मार्चचा पहिला पंधरवडा मोटर माउंट आणि कॅरेज यांच्या परस्परसंबंधात गेला, आणि या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच. माउंटमधली खाच बेल्टच्या रेषेत हवी. बेल्टची रेषा कॅरेजच्या पट्टीवरून ठरते. कॅरेजची रुंदी रॉडच्या अंतरावरून. जुन्या फाइलमध्ये हे सगळं एकमेकांकडे पाहून काढलेलं होतं. एका डब्यातल्या स्केचने दुसऱ्या डब्यातली कड थेट पकडली की 'लिंक्स गो आउट ऑफ द अलाउड स्कोप' हा इशारा येतो. जुनी फाइल उघडताच हा इशारा ओळीने येत होता. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे सबशेपबाइंडर. दुसऱ्या वस्तूची कड रीतसर आपल्या बॉडीत आणायची. उपाय चांगला आहे, पण माउंटने कॅरेज पाहावी आणि कॅरेजने माउंट, असं झालं की वर्तुळ तयार होतं आणि फ्रीकॅड गणना थांबवून सांगतं की ग्राफ 'डॅग' असला पाहिजे. म्हणजे अवलंबनाचे बाण फिरून मूळ जागी येता कामा नयेत.

यातून वाट निघाली ती आराखड्याच्या स्केचमधून. एक वेगळी फाइल केली, तिच्यात एकही घन वस्तू नाही. फक्त रेषा: दोन रॉडचे आस, मोटरचा आस, मोकळ्या पुलीचा आस, बेल्टची वरची आणि खालची रेषा, प्लेटची वरची पातळी. मापं तक्त्यातून. दोन्ही पुल्या २० दात्यांच्या, पिच २ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ४० मिमी बेल्ट. दोन आसांमधलं अंतर ६०० धरलं तर बेल्टचा पूर्ण वेढा दुप्पट अंतर अधिक ४०, म्हणजे १२४० मिमी. ही बेरीजही तिथेच एक्सप्रेशनमध्ये (सूत्रात) ठेवली. आता माउंटही या आराखड्याकडे पाहतं आणि कॅरेजही. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. बाण एकाच दिशेने जातात: तक्त्याकडून आराखड्याकडे, आराखड्याकडून पार्टकडे, पार्टकडून असेंब्लीकडे. डिपेंडन्सी ग्राफ पुन्हा काढला तेव्हा तो वरून खाली वाचता आला. त्या संध्याकाळी खूप हलकं वाटलं.

फाइली वेगळ्या केल्या की त्या जोडायच्या कशा, हा पुढचा भाग लवकर उरकतो. ०.१९ पासून फ्रीकॅडमध्ये लिंक आहे. मूळ पार्ट आपल्या फाइलमध्ये राहतो, असेंब्लीत त्याचं प्रतिबिंब येतं. चार क्लॅम्पना चार लिंक, मूळ एकच. मूळात भोक बदललं की चारही बदलतात. दोन गोष्टी सांभाळा. लिंक करण्यापूर्वी दोन्ही फाइली डिस्कवर सेव्ह झालेल्या असाव्यात. आणि जोडणी झाल्यावर फाइलचं नाव किंवा जागा बाहेरून, फाइल मॅनेजरमधून, बदलू नका. लिंक मार्गावरून मूळ शोधते. म्हणून क्रमांक आणि नावं आधी ठरवायची, लिंक नंतर. स्क्रू-नटांसाठी फास्टनर्स हे ॲडऑन घेतलं, त्यात मानकाप्रमाणे तयार आकार मिळतात. बेअरिंग आणि मोटर स्वतः साध्या आकारात काढल्या: बाहेरची मापं, भोकं, शाफ्ट. मोटरच्या आतल्या वळणांचं तपशीलवार मॉडेल असेंब्लीला फक्त जड करतं.

फ्रीकॅडची फाइल म्हणजे आत एक्सएमएल आणि आकारांच्या फाइली असलेली झिप असते. दोघांनी एकाच वेळी बदललेल्या दोन प्रती आपोआप एकत्र करता येत नाहीत. आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला, 'सध्या कोणाकडे'. ज्याचं नाव तिथे, त्यानेच ती फाइल उघडून बदलायची. कंटाळवाणं आहे, पण चाळीस छोट्या फाइली असल्यामुळे कोणाचं काम अडलं नाही. एकाच मोठ्या फाइलच्या काळात एकाचं काम चालू असताना बाकीचे थांबत.

मार्चच्या उत्तरार्धात असेंब्ली. १.० मध्ये असेंब्ली वर्कबेंच (जोडणीच्या साधनांचा संच) मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाला आहे. आधी उप-असेंब्ली केल्या: कॅरेज, मोटरचं टोक, मोकळ्या पुलीचं टोक. त्या कशा पाडायच्या याचं उत्तर मला वर्कशॉपच्या टेबलावर मिळालं. खरा स्लायडर जोडताना जे आधी वेगळं बसवून मग एकसंध उचललं जातं, ती एक उप-असेंब्ली. कॅरेजची प्लेट, चार बेअरिंग, बेल्टची पट्टी हे आधी एकत्र होतं आणि मग रॉडवर चढतं. ट्री त्याच क्रमाने लावली. यानंतर नवा माणूसही ट्री पाहून स्लायडर कसा जोडायचा हे ओळखू शकतो.

मुख्य असेंब्लीत तळप्लेट ग्राउंडेड (जागेवर पक्की) केली, बाकी सगळं तिच्यापासून. जॉइंट (दोन पार्टमधली जोडणी) देताना प्रत्यक्षातला प्रत्येक स्पर्श उतरवू नये. कॅरेजला चार बेअरिंग आहेत म्हणून चार जॉइंट दिले तर तेच बंधन पुन्हापुन्हा लादलं जातं. मोकळ्या वस्तूला सहा दिशांची मोकळीक असते, एक स्लायडर जॉइंट त्यातल्या पाच काढून घेतो, आणि कॅरेजला नेमकी एकच ठेवायची आहे. एक जॉइंट पुरतो. मोटरच्या पुलीला रिव्होल्यूट (फिरता) जॉइंट, आणि दोन्ही बांधायला रॅक अँड पिनियन जॉइंट, त्रिज्या ६.३७ मिमी, कारण परीघ ४० आहे. पुली फिरवली आणि कॅरेज रॉडवरून सरकली. जॉइंटसाठी कडा निवडताना भोकाची मूळ गोल कड घ्यावी, चॅम्फरची (तिरक्या छाटलेल्या कडेची) नाही. चॅम्फर नंतर काढून टाकला जाऊ शकतो, भोक सहसा राहतं.

मग मूळ प्रश्नाकडे वळले. तक्त्यात प्लेटची जाडी ६ची ८ केली आणि रिकम्प्यूट. माउंट दोन मिलिमीटर वर गेलं, क्लॅम्प वर गेले, बेल्टची रेषा गेली, सगळी भोकं आपल्या पृष्ठावर. एकच गोष्ट बदलली नाही आणि तिने आपोआप बदलायला नकोच होतं: स्क्रूची लांबी. क्लॅम्पला आयएसओ ४७६२चे एम५ × १६ स्क्रू होते. प्लेट ६, क्लॅम्पची कड ३, वॉशर १, नट ४.७, बेरीज १४.७, म्हणजे स्क्रू नटच्या बाहेर १.३ मिमी. प्लेट ८ची झाल्यावर बेरीज १६.७ आणि १६चा स्क्रू नटच्या आतच संपतो. स्क्रूची लांबी जाडीवर एक्सप्रेशनने बांधली असती तर मॉडेलने १८चा स्क्रू दाखवला असता, आणि एम५च्या नेहमीच्या लांब्यांमध्ये १६ नंतर थेट २० येतो. मानकातल्या वस्तूंची मापं सूत्रावर सोडू नयेत, त्या यादीतून निवडाव्यात. मी तक्त्यात 'पकड जाडी' हे माप वाढवलं आणि शेजारी स्क्रूची लांबी हाताने भरली. जाडी बदलली की हा रकाना तपासायचा, अशी टीप तिथेच लिहिली.

शेवटचा भाग कागदपत्रांचा. असेंब्लीतूनच बिल ऑफ मटेरियल काढलं आणि सुरुवातीच्या यादीशी ताडून पाहिलं. वॉशर जुळेनात. यादीत मोकळ्या पुलीखालची वॉशर धरलेली, असेंब्लीत ती बसवलेलीच नव्हती. ही ताडणी सोडू नका. दोन वेगळ्या वाटांनी काढलेल्या याद्या जुळल्या की मगच खरेदीला पाठवाव्यात.

ड्रॉइंग फ्रीकॅडच्या टेकड्रॉ वर्कबेंचमध्ये केली. शीर्षक चौकटीसाठी आयएसओ ७२०० पाहिलं: मालकी, ओळख क्रमांक, शीर्षक, तारीख, पान क्रमांक, कोणी काढलं, कोणी मंजूर केलं हे रकाने त्यात बंधनकारक आहेत. एसव्हीजी टेम्प्लेटमध्ये ते एकदा नीट बसवले की प्रत्येक पानावर भरता येतात. सुधारित आवृत्त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही टाळायची, कारण ती अंकांशी किंवा एकमेकांशी घोटाळतात. अमेरिकी मानकातही ही अक्षरं वगळलेली आहेत. क्रमांक पार्टचा, अक्षर त्याच्या आवृत्तीचं. बसवताना एकाच्या जागी दुसरा पार्ट चालणार असेल तर अक्षर बदलतं, चालणार नसेल तर नवा क्रमांक. तळप्लेटला म्हणूनच नवा क्रमांक मिळाला, कारण जुन्या स्क्रूंनी ती बसत नाही.

तपासणीला दिलेली ड्रॉइंग आठवड्याने परत आली. शेरे लाल शाईत होते, त्यातले बहुतेक टॉलरन्सबद्दल (मापात चालणाऱ्या तफावतीबद्दल): बेअरिंगच्या १५ मिमी बैठकीला नुसतं '१५' लिहून चालणार नाही, मर्यादा द्या. रास्त मागणी होती. ती दुरुस्त करून दिली आणि त्यानंतर मंजुरीसाठी आणखी काही दिवस गेले. सॉफ्टवेअरला पैसे लागले नाहीत, फ्रीकॅड एलजीपीएल परवान्याखाली मोफत आहे. खर्च झाला तो वेळेचा, आणि भोकं ताडून पाहण्यासाठी लेझरवर कापलेल्या एका पातळ ॲक्रिलिकच्या पत्र्याचा. जाड प्लेट कापण्याआधी तो पत्रा जुन्या नमुन्यावर ठेवून सगळे स्क्रू हाताने बसवून पाहिले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर ड्रॉइंग आणि स्टेप फाइली बनवायला गेल्या. वायरिंगची साखळी आणि लिमिट स्विचचे ब्रॅकेट अजून मॉडेलमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी १३० आणि १३१ हे क्रमांक तक्त्यात राखून ठेवले आहेत आणि ते काम आता गटातल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावावर आहे.